दारूने मोडलेल्या घरातला संत

गाडगेबाबा म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो खराटा. महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले तेव्हा बाबांचे नाव दिले, ते या खराट्यामुळेच. अमरावती विद्यापीठालाही २००५ साली त्यांचे नाव मिळाले. पण खराटा हाती येण्याच्या कितीतरी आधी या माणसाचे भांडण सुरू झाले होते, आणि ते कचऱ्याशी नव्हते. ते होते दारूच्या मडक्याशी. वऱ्हाडातील एका परटाच्या घरात बापाच्या व्यसनाने जे झाले, ते आठ वर्षांच्या मुलाने उघड्या डोळ्यांनी पाहिले. बाबांच्या पुढील आयुष्यातील बऱ्याचशा गोष्टींचा उगम तिथे सापडतो.

आधी त्या मडक्याविषयी. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला मेळघाटच्या डोंगरात फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले गळू लागतात. पहाटेच्या सुमारास झाडाखाली मेणासारख्या पांढुरक्या, रसाळ फुलांचा सडा पडतो. बायकामुले टोपल्या घेऊन ती वेचतात आणि अंगणात वाळवतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक भाग साखरेचा असतो. म्हणून ती नुसतीही खातात, शिजवूनही खातात, आणि टंचाईच्या दिवसांत त्यांनी कित्येक घरे जगवली आहेत. हीच फुले पाण्यात भिजवून मडक्यात झाकून ठेवली की काही दिवसांत आंबतात. त्याला सडवा म्हणतात. सडव्याचे मडके चुलीवर चढवायचे, वाफ गार भांड्याकडे वळवायची आणि थेंब थेंब गोळा करायचे, ही झाली मोहाची दारू. मैदानी भागात शिंदीच्या झाडाला खाच देऊन रस काढत. सकाळी ताजा असलेला हा गोड रस उन्हे चढली की आपोआप आंबू लागतो. त्याला भट्टीही लागत नाही. कोरकू गावांत जन्म, लग्न, मरण, देवाची पूजा यांतले कोणतेही कार्य मोहाशिवाय पुरे होत नसे. हे कसब पिढ्यान्‌पिढ्यांचे होते आणि त्याला घराची, सणाची मर्यादा होती.

असे घरगुती पेय जगात सर्वत्र आढळते. इंग्लंडच्या हेरेफर्डशायर आणि सॉमरसेट या परगण्यांत शेतकरी आपल्याच बागेतील सफरचंदे कुटून, दाबून रस काढत आणि लाकडी पिंपात हिवाळाभर आंबू देत. ती सायडर. तुरट, खाण्यास निरुपयोगी अशा नाशपातीपासून करीत ती पेरी. १७६३ साली सरकारने सायडर बनवणाऱ्यावरच कर बसवला. कर वसूल करणारे अंमलदार घरात शिरू शकतात हे पाहून शेतकरी खवळले आणि तीन वर्षांत तो कर मागे घ्यावा लागला. पण त्याच सायडरची दुसरी बाजूही होती. शेतमजुराच्या मजुरीचा काही भाग पैशाऐवजी सायडरच्या रूपाने दिला जाई आणि त्याच्या घरच्यांना तेवढे कमी मिळे. ही चाल थांबवण्यासाठी १८८७ साली कायदा करावा लागला. पेय तेच, मात्र ते कोणाच्या हातात आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो यावर सगळे अवलंबून असते.

वऱ्हाडात ही किंमत कशी मोजली गेली हे समजण्यासाठी त्या काळाकडे पाहिले पाहिजे. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली. गावात रोख पैसा आला. पैशामागोमाग सावकार आला, कागद आला, कोर्ट आले. युद्ध संपले आणि भाव उतरले, पण कर्जाची सवय राहिली. याच काळात दारू गाळण्याचा आणि विकण्याचा हक्क सरकारी अबकारीच्या कक्षेत जाऊन मक्त्याने दिला जाऊ लागला. घरच्या मडक्यातली दारू गुन्हा ठरू लागली आणि दुकानातली दारू सरकारी महसूल झाली. मक्तेदाराने मोजलेली रक्कम वसूल व्हायची तर लोकांनी अधिक प्यायला हवे, हा हिशेब साधा होता. सणापुरती असलेली गोष्ट अशी रोजची झाली.

अशा वऱ्हाडात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे डेबूजीचा जन्म झाला. हे गाव आज अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. वडील झिंगराजी राणोजी जाणोरकर, आई सखूबाई. जात परटाची. गावाचे कपडे धुवायचे आणि सुगीला बलुत्याचे धान्य घ्यायचे, हा पिढीजात धंदा. झिंगराजींचे घर मुळात खाऊनपिऊन बरे होते. पण जातीच्या रूढी कडक होत्या. बारसे असो, लग्न असो, तेरावे असो, जातभाईंना बकरे आणि दारू दिल्याशिवाय कार्य सुटत नसे. देवालाही तेच लागे. जो देणार नाही तो जातीत हलका ठरे. देणाऱ्याने एकदा दिले की दुसऱ्याच्या घरी घेणे आलेच. झिंगराजींना या वाटेने व्यसन जडले. आधी हाती असलेला पैसा गेला, मग जनावरे गेली, मग अंगातली ताकद गेली. १८८४ साली झिंगराजी वारले. डेबू तेव्हा आठ वर्षांचा होता.

विधवा सखूबाईंपुढे दुसरा मार्ग नव्हता. मुलाला घेऊन त्या माहेरी, दापुरे येथे भाऊ चंद्रभानजी यांच्या आश्रयाला आल्या. हे गाव अकोला जिल्ह्यात मूर्तिजापूरजवळ, पूर्णेच्या खोऱ्यात आहे. हा सारा खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, जमीन काळी आणि चिवट, पिके कपाशीची आणि ज्वारीची. डेबू मामाची गुरे राखू लागला. शाळेचा आणि त्याचा संबंध आला नाही. पण अंगमेहनतीत तो कोणाला हार जाणारा नव्हता. नांगरणी, पेरणी, गोठा, नदीत पोहणे, सगळ्यांत पुढे. रात्री गावच्या भजनात बसे, पुढे त्याने स्वतःच मुलांची भजनी मंडळी जमवली. गावाने ज्यांना शिवाशिवीच्या नावाखाली दूर ठेवले होते त्यांची मुलेही या मंडळीत असत. कष्ट आणि भजन ही बाबांच्या आयुष्याची दोन्ही अंगे दापुऱ्याच्या शेतातच तयार झाली.

१८९२ साली कमालपूरच्या धनाजी खल्लारकर यांची कन्या कुंताबाई हिच्याशी डेबूजीचे लग्न झाले. संसार सुरू होतो न होतो तोच मामांच्या घरावर संकट आले. चंद्रभानजींनी सावकाराचे कर्ज काढले होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. कागदावर काय लिहिले आहे ते न कळता अंगठे उठत गेले आणि एक दिवस शेतच सावकाराच्या नावे झाल्याचे समजले. या धक्क्याने मामा गेले. ज्या घराला दारू शिवली नव्हती तेही असे उद्ध्वस्त होऊ शकते, हे डेबूजीने आता पाहिले. सावकार आपली माणसे घेऊन शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा हा तरुण आडवा उभा राहिला आणि त्याने ताबा घेऊ दिला नाही. दारू, कर्ज आणि अज्ञान हे तीन वैरी एकमेकांच्या हातात हात घालून येतात, हा बाबांच्या पुढच्या प्रत्येक कीर्तनाचा आशय होता. तो त्यांनी कोणत्या ग्रंथातून घेतला नव्हता. एक धडा बापाच्या मरणाने दिला होता, दुसरा मामाच्या.

पहिली मुलगी अलोका हिच्या बारशाचा प्रसंग बाबांच्या चरित्रात महत्त्वाचा आहे. रूढीप्रमाणे जातभाई जमले. मटण आणि दारूची पंगत होणार हे सर्वांनी गृहीतच धरले होते. डेबूजीने पानात वाढले ते गोडाधोडाचे जेवण. आज ही गोष्ट साधी वाटेल. त्या काळी जातपंचायतीच्या दृष्टीने तो उघड बंडाचा प्रकार होता. जातीबाहेर टाकले तर मुलीच्या सोयरिकीपासून स्वतःच्या तिरडीपर्यंत सगळे अडते. हे डेबूजीला ठाऊक नव्हते असे नाही. पण ज्या पंगतीने आपल्या बापाला पहिला पेला दिला, तीच पंगत आपल्या अंगणात बसवायची नाही, एवढे त्याने ठरवले होते. नाराजी झाली, कुरकुर झाली, आणि लोक जेवून गेले. रूढी मोडता येते आणि मोडूनही माणूस जगतो, हे एका घराने गावाला दाखवले. विशीतल्या डेबूजीची ही पहिली लोकशिकवण. त्यासाठी कीर्तनाची गरज पडली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी पहाटे डेबूजीने घर सोडले. वय होते २८. मागे वृद्ध आई, पत्नी आणि लेकरे होती. या गृहत्यागाचे घरावर जे ओझे पडले ते कुंताबाई आणि सखूबाईंनी वाहिले, हे विसरून बाबांची थोरवी सांगणे अपुरे ठरेल. पुढची १२ वर्षे त्यांनी अज्ञात भटकंतीत काढली. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे. याच गाडग्यात ते भाकर मागून खात, त्यातच पाणी पीत, आणि ऊन-पावसात तेच डोक्यावर उपडे घालत. त्यावरून लोकांनी नाव ठेवले. फुकट भाकर मात्र घेत नसत. आधी लाकडे फोडायची, अंगण झाडायचे, गोठा साफ करायचा, मगच हात पुढे करायचा.

पुढे गाडगेबाबांची कीर्तने सुरू झाली आणि हजारोंनी लोक जमू लागले. ही कीर्तने नेहमीच्या कीर्तनासारखी नव्हती. संस्कृत नाही, आख्यान नाही, रागदारी नाही. ठेठ वऱ्हाडी बोलीत बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर काढून घेत. दारूचा विषय आला की ते शाप देत नसत, नरकाची भीती दाखवत नसत. ते हिशेब मांडीत. दिवसाची मजुरी किती, त्यातली दुकानात किती गेली, घरी किती आली, मूल काय खाणार, बायकोच्या अंगावर काय राहणार, सावकाराचे व्याज कुठून जाणार, हे सगळे ते लोकांच्याच तोंडून वदवून घेत. समोर बसलेल्या पिणाऱ्याला वाटे, हा माझ्याच घरचा हिशेब सांगतो आहे. शेवटी बाबा सांगत ते थोडक्यात असे, की दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका, देवापुढे मुके जनावर मारू नका, कोणाला अस्पृश्य मानू नका, आणि घरातले ताट विकावे लागले तरी मुलांना शाळेत घाला. या सूचना वेगवेगळ्या दिसतात. पण झिंगराजींचे आणि चंद्रभानजींचे घर आठवले की त्या एकाच साखळीच्या कड्या आहेत हे लक्षात येते.

या सगळ्याला ऋणमोचन हे गाव साक्षी आहे. अमरावती जिल्ह्यात भातकुली तालुक्यात, पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराचे स्थान आहे आणि पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. ऋणातून सोडवणारे तीर्थ अशी त्याची ख्याती, म्हणून नाव ऋणमोचन. नदीला उतरायला धड वाट नव्हती, यात्रेकरू चिखलात घसरत. बाबांनी तेथे स्वतः राबून लोकांना राबवले आणि घाट उभा केला. यात्रेच्या गर्दीत ते गरिबांना, अपंगांना जेवू घालत, वस्त्रे वाटत. कर्जाने पिचलेला वऱ्हाडी माणूस ज्या तीर्थावर ऋण फिटावे म्हणून बुडी मारायला येई, तिथेच कर्ज कशाने होते आणि कशाने टळते हे सांगणारा माणूस हातात खराटा घेऊन उभा असे. तीर्थाच्या नावाला बाबांनी असा व्यवहारातला अर्थ दिला.

त्यानंतरचे कार्य महाराष्ट्राला बऱ्यापैकी माहीत आहे. मूर्तिजापूरला गोरक्षण संस्था आणि धर्मशाळा झाली. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना टेकायला जागा नव्हती, तेथे १९२० साली चोखामेळा धर्मशाळा उभी राहिली. ती बाबांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. नाशिक, देहू, आळंदी, मुंबई येथे धर्मशाळा, आंधळ्या-पांगळ्यांसाठी अन्नछत्रे, मुलांसाठी वसतिगृहे आणि शाळा निघाल्या. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. लाखोंचा पैसा या निरक्षर माणसाच्या शब्दावर येत होता, आणि त्यातला एक पैसा आपल्या किंवा घरच्यांच्या अंगाला लागू नये यावर त्यांचा कटाक्ष होता. बापाच्या एका सवयीपायी घरचे सगळे जाताना पाहिलेल्या मुलाला पैशाची शिस्त कुणी वेगळी शिकवावी लागली नाही.

बाबांच्या हयातीतच सरकारनेही दारूचा प्रश्न हाती घेतला. १९३८ साली मध्यप्रांत आणि वऱ्हाडसाठी दारूबंदीचा कायदा झाला. मुंबई राज्यात १९४९ चा कायदा आला आणि त्याच्या पकडीत मोहाची फुलेही आली. कायद्याचा अनुभव मात्र संमिश्र राहिला. गडचिरोलीत १९९३ साली लोकांच्या चळवळीतून दारूबंदी आली. चंद्रपूरला ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्याच २०२१ साली राज्य शासनाने मोहफुले वेचण्या-साठवण्यावरील निर्बंध सैल केले, कारण ज्या आदिवासींचे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे अन्न आणि उत्पन्न, तेच कायद्याच्या नजरेत चोर ठरत होते.

या ताणाकडे बाबांच्या आयुष्यावरून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांची मोहीम फुलाविरुद्ध किंवा झाडाविरुद्ध नव्हती. त्यांनी बोट ठेवले ते सक्तीवर. जातीची सक्ती, पंगतीची सक्ती, प्रतिष्ठेची सक्ती, आणि तिच्यासाठी काढलेले कर्ज. मेळघाटातल्या एखाद्या म्हाताऱ्याने सणाला देवापुढे मोहाची धार सोडणे आणि कपाशी विकलेल्या पैशातून रोज दुकानाची पायरी चढणे, यांत फरक करता येतो. पण घरातल्या बाईमुलांच्या बाजूने पाहिले तर हा फरक फार पातळ आहे आणि तो केव्हा पुसला जातो हे पिणाऱ्याला शेवटी कळते. झिंगराजींनाही पहिला पेला पंगतीतच मिळाला होता. म्हणूनच बाबांनी स्वतःच्या घरापुरता तडजोडीचा मार्ग ठेवला नाही. रूढीची थोरवी त्यांना कोणी सांगण्याची गरज नव्हती, तिची किंमत त्यांना माहीत होती.

कायदा बाहेरून येतो, तो येतो तसा जातोही. बाबांनी बदल आतून घडवण्याचा मार्ग धरला. तो मंद होता. त्यांच्या कीर्तनातून उठून गेलेल्या किती जणांची दारू कायमची सुटली याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही. पण वऱ्हाडातील अनेक घरांत लग्नकार्याची पंगत दारूवाचून होऊ लागली, ती अशाच शिकवणीने. मोझरीचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीच्या तालावर हाच विचार गावोगाव नेत होते. एकाच जिल्ह्यातील या दोन लोकसंतांनी व्यसनाचा प्रश्न धर्माच्या व्यासपीठावर आणला, ही त्या काळी नवी गोष्ट होती. परतवाड्याला जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिले, प्रबोधनकार ठाकऱ्यांनी बाबांचे चरित्र लिहिले, १९७७ साली राजदत्त यांच्या चित्रपटात डॉ. श्रीराम लागूंनी बाबा उभे केले. बाबा स्वतः मात्र कोणाला पाया पडू देत नसत आणि कोणाला आपला शिष्य म्हणवत नसत.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. बाबा तेव्हा ऐंशीचे होते आणि प्रकृती ढासळली होती. तरीही ८ नोव्हेंबरला मुंबईत वांद्रे येथे त्यांनी कीर्तन केले. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ पेढी नदीच्या परिसरात मोटारीतच गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांची समाधी अमरावती शहरात आहे आणि तो भाग गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

शेंडगाव, दापुरे, ऋणमोचन, वलगाव ही चारही ठिकाणे अमरावती-अकोल्याच्या पट्ट्यात जवळजवळ आहेत. देशभर पायी हिंडलेल्या या माणसाच्या आयुष्याचा आरंभ आणि शेवट वऱ्हाडातच झाला. गावे झाडण्याचा त्यांचा वारसा आपण सोहळ्याने चालवतो, ते योग्यच आहे. पण कर्ज आणि दारू या दोन शब्दांनी वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचे आणि मजुराचे घर अजूनही पोखरले जाते. झिंगराजींच्या घरात जे घडले ते ज्या घरात आज घडत असेल, तिथे खराट्याआधी बाबांचा तो साधा हिशेब पोहोचायला हवा. मजुरी किती, दुकानात किती, घरी किती, हा प्रश्न विचारण्यासाठी संत व्हावे लागत नाही.